मालगुडीचे विनातारण कर्ज

मालगुडी नावाचे गाव नकाशावर कुठेही सापडत नाही, हे पक्के ठाऊक असूनही आपल्यापैकी पुष्कळांना ते पाहून आल्यासारखे वाटते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्यांच्या घरी दूरदर्शन लागत असे, त्यांच्या कानात त्या मालिकेची धून अजून असेल. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे या पावसाळी गावात मालगुडी उभे केले आणि लेखकाचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची चित्रे तिला लाभली. लक्ष्मण तर आपलेच. मुंबईच्या वृत्तपत्रात त्यांनी 'कॉमन मॅन' घडवला आणि २०१५ साली पुण्यात देह ठेवला. त्यामुळे मालगुडी मराठी घरांत शेजारच्या गावासारखे वावरले.

या जिव्हाळ्याचा एक तोटाही झाला. मालगुडी म्हणजे खट्याळ मुले, तिरसट मास्तर, चिक्कू सावकार आणि डुलक्या घेणारे रेल्वे स्टेशन, असा आपला समज होऊन बसला. हसावे, एक सुस्कारा टाकावा आणि पुस्तक मिटावे. आर. के. नारायण यांची 'द गाइड' ही १९५८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मात्र अशी सहजासहजी मिटता येत नाही. १९६० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजी भाषेतल्या पुस्तकाला मिळालेला तो पहिलाच. वरवर पाहता ही एका लबाड माणसाची गंमतीदार कहाणी आहे. पण त्या लबाडाचा उद्धार होतो, आणि तो घडवून आणतो एका आडगावातल्या शेतकऱ्यांचा विश्वास. बिघडलेला माणूस सुधारतो कसा, या प्रश्नाचे नारायण यांनी दिलेले उत्तर फार अवघड आहे. आज, माणसामाणसांतला विश्वास कागदपत्रांवर तोलला जात असताना, ते पुन्हा एकदा नीट वाचायला हवे, असे मला वाटते.

पुष्कळांना गोष्ट सिनेमामुळे माहीत असते, म्हणून कादंबरीतली गोष्ट थोडक्यात सांगतो. राजू हा मालगुडीचा मुलगा. वडिलांचे छोटे दुकान होते. गावात रेल्वे आली तेव्हा फलाटावरचे दुकान त्यांना मिळाले आणि पुढे ते राजूकडे आले. उतारू येत, इथे पाहण्यासारखे काय आहे म्हणून विचारत, आणि 'मला माहीत नाही' हे शब्द राजूच्या तोंडून कधी निघत नसत. जे ठाऊक नाही तेही तो ठाऊक असल्यासारखे सांगे. त्यातून तो 'रेल्वे राजू' झाला, वाटाड्या म्हणून नावाजला. पुढे जुन्या गुहांतल्या चित्रांनी झपाटलेला एक संशोधक आणि त्याची बायको रोझी गावात येतात. संशोधकाच्या पोशाखावरून राजू त्याला 'मार्को' असे नाव ठेवतो. रोझी नृत्यासाठी झुरते आहे आणि नवऱ्याला त्याचा तिटकारा आहे. राजू तिच्यात गुंततो, नवरा तिला टाकून जातो. पुढे 'नलिनी' या नावाने ती मोठी नर्तकी होते. राजू तिचा कारभारी होतो, तिच्या पैशावर ऐषआराम करतो आणि अखेर दागिन्यांच्या पेटीपायी एका कागदावर तिची खोटी सही ठोकतो. त्याला दोन वर्षांची सजा होते.

सुटल्यावर गावी तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून तो शरयू नदीकाठच्या एका ओसाड देवळापाशी येऊन बसतो. पलीकडच्या मंगल गावचा वेलन नावाचा शेतकरी तिथे येतो, त्याच्याकडे आदराने पाहतो, दोन पायऱ्या खाली बसतो आणि आपल्या घरातला एक पेच त्याच्यापुढे ठेवतो. बहीण लग्नाला तयार होत नाही. राजू चार मोघम वाक्ये बोलतो आणि योगायोगाने पेच सुटतो. मग काय, गाव लोटते. केळी येतात, भात येतो, दूध येते. दोन वेळच्या जेवणाची आयती सोय सोडून जाणार कुठे, असा विचार करून राजू तिथेच राहतो. दाढी वाढते. शाळा भरू लागते. लोक भांडणे घेऊन येतात आणि मिटवून जातात.

मग दुष्काळ पडतो. ढोरे मरतात, माणसे हातघाईवर येतात. मारामारी थांबली नाही तर मी जेवणार नाही, असे राजू चिडून सांगतो. पण निरोप नेणारा वेलनचा अर्धवट भाऊ गावात जाऊन भलतेच सांगतो. पाऊस पडेपर्यंत स्वामी उपास करणार, अशी वार्ता पसरते. राजू हादरतो. सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खरे सांगणे. एका रात्री तो वेलनला आपली सारी कर्मकहाणी सांगतो: दुकान, रोझी, खोटी सही, तुरुंग, सगळे. वेलन शांतपणे ऐकून घेतो आणि तरीही त्याला 'स्वामी' म्हणूनच हाक मारतो.

मी बत्तीस वर्षे बँकेत काढली. कर्जाचा अर्ज टेबलावर आला की आम्ही तीन गोष्टी पाहत असू: तारण काय, जामीन कोण आणि परतफेड कशातून होणार. राजूजवळ यांपैकी काहीच नव्हते, तरीही वेलनने त्याला पत दिली. 'पत' हा आपल्या भाषेतला मोठा विलक्षण शब्द आहे. बाजारातली उधारी मिळण्याची लायकी म्हणजेही पत आणि माणसाची अब्रू म्हणजेही पतच. वेलनने दिलेली पत दुसऱ्या प्रकारची होती आणि तिच्यात जोखीम पुरेपूर होती. त्या कबुलीच्या रात्री कर्जदाराने स्वतःच येऊन सांगितले की, साहेब, माझे सगळे कागद खोटे आहेत. कोणताही व्यवहारी माणूस तिथल्या तिथे वसुलीला लागला असता. वेलनने मुदत वाढवून दिली!

कादंबरीचा सांधा इथे बदलतो. ज्या कर्जदाराला नोटीस जाते तो भांडू शकतो, पळू शकतो, कोर्टात उभा राहू शकतो. ज्याच्याकडे मागणीच केली जात नाही, त्याला पळायला जागा राहत नाही. पहिले दिवस राजूचे सगळे लक्ष अन्नावर असते. पण उपासाच्या ओघात एक क्षण असा येतो की, ज्यात आपला फायदा नाही, पैसा नाही, प्रेम नाही, असे काहीतरी आयुष्यात पहिल्यांदाच आपण मनापासून करतो आहोत, असे त्याला जाणवते. त्या जाणिवेने त्याला नवे बळ येते. सोंग म्हणून घेतलेले काम तो खरे करून टाकतो.

आपल्याकडे अशा बदलाला 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असे म्हणतात. पण त्या कथेशी ही कथा ताडून पाहा. वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी आहात का? घरचे हात वर करतात. मग तो एकटा तप करीत बसतो आणि अंगावर वारूळ वाढते. म्हणजे उद्धाराची वाट माणसांपासून दूर जाते, असे ती कथा सांगते. राजूला तसा एकांत मिळतच नाही. त्याच्याभोवती वारूळ वाढते ते माणसांचे. आगगाड्या भरभरून लोक येतात, दुकाने थाटली जातात, सरकारी डॉक्टर नाडी पाहतात, एक अमेरिकन गृहस्थ कॅमेरा घेऊन येतो. त्या जत्रेत, त्या गोंगाटात, पाय उचलून पळून जाण्याची सोय नसताना एक माणूस आतून बदलतो. आपण सामान्य संसारी माणसे. अरण्यात जाऊन बसणे आपल्याला जमणार नाही. बदलायचे तर आपल्यालाही शेजारीपाजारी, नातेवाईक आणि कचेरीतले सहकारी यांच्या गलक्यातच बदलावे लागणार. म्हणून मला राजू वाल्मीकीपेक्षा जवळचा वाटतो.

नारायण यांना हे बीज कुठे मिळाले, तेही पाहण्यासारखे आहे. 'माय डेज' या १९७४ सालच्या आत्मचरित्रात त्यांनी म्हैसूरच्या एका दुष्काळाची हकीकत दिली आहे. नदी-तळी आटली, तेव्हा कावेरीच्या कोरड्या पात्रात पाणी आणून, त्यात गुडघाभर उभे राहून ब्राह्मणांनी पावसासाठी जप केला. कादंबरी लिहिली गेली ती मात्र अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावी. शेवटी राजूला जगवावे की मारावे याबद्दल लेखकाचे मन दोलायमान होते. त्यांचे इंग्रज स्नेही ग्रॅहम ग्रीन यांनी मात्र तो मेलाच पाहिजे असे ठाम मत दिले. नारायण यांनी दोघांचेही मन राखले असे म्हणायचे. अखेरच्या पानावर राजू पाण्यात उतरतो, दूर डोंगरात पाऊस सुरू झाल्याची खूण पायांना लागते आहे असे वेलनला सांगतो आणि खाली कलतो. तो मेला का? पाऊस आला का? कादंबरी तिथेच संपते.

१९६५ साली विजय आनंद यांनी यावर काढलेला 'गाइड' हा हिंदी चित्रपट आपल्या सर्वांच्या आवडीचा आहे, माझ्याही. मराठी प्रेक्षकाला तर त्यात दोन घरची माणसे भेटली. राजूची आई झालेल्या लीला चिटणीस आणि गावकरी भोला झालेले गजानन जागीरदार. नारायण यांना तो रुचला नाही आणि 'मिसगाइडेड गाइड' असा लेख लिहून त्यांनी आपली नाराजी मिश्किलपणे मांडली. मालगुडी उचलून राजस्थानात नेले याचे त्यांना दुःख होते. माझी तक्रार वेगळी आहे. पडद्यावर धो-धो पाऊस पडतो आणि लोक नाचतात. त्यामुळे हिशेब पुरा झाल्यासारखे वाटते. उपास केला, पाऊस मिळाला! कादंबरीतला राजू तसा सौदा करीत नाही. पाऊस न पडताही त्याचे मोल तेवढेच राहिले असते. चमत्काराने माणूस मोठा ठरत असेल, तर मग उद्धाराला अर्थ राहत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो यायलाच हवा. एका सोंगाड्या स्वामीवर गावाने डोळे झाकून विश्वास ठेवला याचे कौतुक महाराष्ट्रात बसून करायचे? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. बुवाबाजीने किती घरे धुऊन नेली, याच्या बातम्या आपण आजही वाचतो. मग वेलनच्या भाबडेपणाला डोक्यावर का घ्यायचे?

माझ्या मते उत्तर एका साध्या प्रश्नात आहे. या व्यवहारात शेवटी किंमत कोणी मोजली? भोंदू बुवा भक्ताच्या खिशातून, शेतातून, कधी देहातूनही वसुली करतो. आणि खरे काय ते तो कधीही सांगत नाही. राजू खरे सांगतो आणि नंतर स्वतःच्या देहाने किंमत चुकवतो. नारायण यांनी गावाच्या भाबडेपणाला माफही केलेले नाही. एका अर्धवट निरोपातून एका माणसाचा जीव पणाला लागतो आणि त्याभोवती जत्रा भरते, यातला क्रूर विनोद त्यांनी लपवलेला नाही. म्हणजे विश्वास चांगला असतो एवढे सांगून ही कादंबरी थांबत नाही; विश्वासाचा भार कोणावर पडतो, तेही ती दाखवते.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. गावाने ही उदार पत कोणाला दिली? एका अनोळखी पुरुषाला, केवळ तो देवळापाशी बसला होता म्हणून. रोझीच्या वाट्याला काय आले? ती देवदासींच्या घराण्यात जन्मलेली. अर्थशास्त्र घेऊन एम. ए. झालेली. नवऱ्याने टाकल्यावर ती राजूच्या दारात आली तेव्हा राजूच्या मामाने तिला वाटेल ते सुनावले आणि आईने घर सोडले. एका माणसानेही दोन पायऱ्या खाली बसून तिचे ऐकून घेतले नाही. रोझी आपली वाट आपणच काढते. पहाटे उठून रियाझ करते, नाव कमावते; राजूला अटक झाल्यावर त्याच्या वकिलाचा खर्च उचलते आणि मग त्याच्याशिवाय नाचत राहते. छोट्या गावाच्या मायेचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने हे पान आधी वाचावे. गावाची पत सर्वांना सारख्या व्याजाने मिळत नाही. बाईला, आणि त्यातही विशिष्ट घरात जन्मलेल्या बाईला, तारण दुप्पट मागितले जाते. हे आजही फार बदलले आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

तरीही अशी पत देणारी माणसे असतात. आपल्याच मातीत तिचा एक प्रयोग झाला आहे. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत उभारली आणि गंभीर गुन्ह्यांत सजा झालेल्या कैद्यांना भिंतींशिवाय, शेतीवर ठेवले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. 'द गाइड' आली त्याच्या आदल्याच वर्षी. दोन्हींतला विचार शेजारचा आहे. पहारेकरी काढून घेतला की माणूस पळेल, हे गृहीत धरणे सोपे असते. पळणार नाही, असे गृहीत धरायला छाती लागते.

अशी छाती मी एका तालुक्याच्या गावी पाहिली आहे. त्या काळी बचत खाते उघडायचे तर आधीच्या एखाद्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागे. गावातल्या एका संस्थेच्या पैशांत हात घालून सजा भोगून आलेले एक गृहस्थ अर्ज घेऊन आमच्या शाखेत येत, बाकावर बसत आणि सही मिळाली नाही म्हणून परत जात. असे दोन-तीनदा झाले. एके दिवशी बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार आले आणि त्यांनी सही केली. त्यांचे स्वतःचेही पैसे त्या संस्थेत बुडाले होते. मी न राहवून कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, खातं नाही उघडलं तर हा पैसे ठेवणार कुठे? आणि इथे ठेवले तर तुमची नि माझी नजर राहील की." यात भाबडेपणा कुठेच नव्हता. विश्वास होता, आणि नजरही होती. पुढे त्या खात्यात दर महिन्याला थोडी रक्कम पडत राहिली, एवढे मला ठाऊक आहे.

आता आधार आणि पॅनवर खाते उघडते, ओळख देणाऱ्याची गरज उरलेली नाही. ही सोय चांगलीच झाली. ज्याला गावात कोणी ओळखत नाही अशा गरिबाची मोठी अडचण तिने दूर केली. पण बँकेने सोडलेली सही आपण समाजानेही सोडून दिली, असे मात्र होऊ नये. तुरुंगातून सुटलेला, दारू सोडून आलेला, धंद्यात बुडून दिवाळे निघालेला, घर मोडून माहेरी परतलेली, अशी माणसे आपल्या चाळीत, सोसायटीत, नात्यात असतातच. त्यांच्याविषयी आपण कुजबुजतो आणि फार तर सहानुभूती दाखवतो. त्यांच्याकडून काही चांगल्याची अपेक्षा मात्र ठेवत नाही. हीच खरी शिक्षा असते. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब त्याच्याकडे सोपवावा, पोरांची शिकवणी तिच्याकडे द्यावी, इतके साधे काम असले तरी चालेल. सोबत नजरही ठेवावी. त्या दुकानदारासारखी, उघडपणे.

नारायण यांच्याच १९५२ सालच्या 'द फायनान्शियल एक्स्पर्ट'मध्ये मर्गय्या नावाचा माणूस सहकारी बँकेसमोरच्या वडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो आणि शेतकऱ्यांना कर्जाचे अर्ज भरून देतो. पुढे तो लोकांच्या ठेवी घेऊन श्रीमंत होतो, बुडतो आणि पुन्हा त्या वडाखालचीच वाट धरतो. मर्गय्यावर लोकांनी पैशांसाठी विश्वास टाकला. पैसा गेला तसा विश्वासही गेला. राजूवर वेलनने विश्वास टाकला तो राजूने खरे सांगितल्यावरही टिकला. दोन्ही माणसे एकाच लेखणीतून, एकाच गावात जन्मलेली. या दोन खात्यांतला फरक मला बँकेतल्या कोणत्याही प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता.

डोंगरात पाऊस झाला की नाही, हे नारायण अखेरपर्यंत सांगत नाहीत. वेलनचे कर्ज मात्र फिटले, आणि तेही मुदतीच्या आत.